अभ्यासाला एक जिल्हा पुरतो

अमेरिकेच्या ओहायो राज्यात एरी नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. तिथे ना नामांकित विद्यापीठ होतं, ना मोठमोठ्या वर्तमानपत्रांची कचेरी. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड हा समाजशास्त्रज्ञ आपले सहकारी घेऊन तिथे गेला. त्याच सहाशे मतदारांना त्यांनी मे ते नोव्हेंबरपर्यंत पुन्हा पुन्हा गाठलं. मत कोणाला देणार, का देणार, रेडिओवर काय ऐकलं, पेपरात काय वाचलं, हे विचारत राहिले. प्रचार लोकांच्या डोक्यात थेट उतरतो, असा तेव्हाचा समज होता. एरीत दिसलं ते निराळंच. पेपर-रेडिओमुळे ज्यांनी मत फिरवलं, अशी माणसं थोडीच निघाली. त्यापेक्षा शेजारच्या, कामावरच्या, चार गोष्टी जास्त वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या जाणत्या माणसाच्या शब्दाला वजन होतं. १९४४ साली हा अभ्यास पुस्तकरूपाने आला आणि माध्यमांच्या अभ्यासाचा एक पाया घातला गेला. पुढे १९६८ साली चॅपल हिल या लहानशा विद्यापीठ-गावात कुंपणावरच्या शंभर मतदारांना प्रश्न विचारून मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी दाखवलं, की काय विचार करावा हे माध्यमं सांगू शकोत वा न शकोत, कशाविषयी विचार करावा हे मात्र ती बरंचसं ठरवतात. त्याआधी लिंड दांपत्याने मन्सी या साध्या गावाचं दैनंदिन जगणं नोंदवून १९२९ साली 'मिडलटाऊन' हे पुस्तक काढलं होतं. आज जगभरच्या विद्यापीठांत शिकवल्या जाणाऱ्या या तिन्ही अभ्यासांची भूमी आडवळणाची आहे.

ही उजळणी वाशिमसाठी केली. माध्यम, संस्कृती आणि संज्ञापन या विषयांत प्राध्यापक-संशोधक व्हायचं, असं कारंजा किंवा रिसोडच्या एखाद्या पदवीधराने घरी सांगितलं, तर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ही मुंबई-पुण्याची थेरं, आपल्याकडे त्याचं काय काम? १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास. २०१८ साली केंद्राने काढलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे नंदुरबार, उस्मानाबाद, गडचिरोली आणि वाशिम असे चारच जिल्हे होते. मागास जिल्ह्याने आधी सिंचन बघावं, रस्ते बघावेत, संस्कृतीचा अभ्यास मग, हा युक्तिवाद वरवर शहाणपणाचा वाटतो. पण या विषयाचा कच्चा माल महानगरापेक्षा अशाच जिल्ह्यात जास्त मोकळा, जास्त स्पष्ट आणि जास्त अस्पर्श पडलेला आहे. तो हाताळणारी माणसं इथूनच तयार झाली पाहिजेत, आणि त्यांना त्यातून रीतसर करिअर करता येतं. मात्र त्यासाठी एक गल्लत आधी दूर करायला हवी.

गल्लत अशी, की आपल्याकडे 'जर्नलिझम केलं' म्हणजे माध्यमांचा अभ्यास केला असं समजतात. पत्रकारिता हे कसब आहे, माध्यम-अभ्यास ही त्या कसबाकडे आणि त्याच्या परिणामांकडे बघण्याची शिस्त आहे. उदाहरण म्हणून दैनिकातलं वाशिमचं पान घ्या. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर बोगस बियाण्याची बातमी येते, ऑक्टोबरात बाजार समितीतल्या सोयाबीनच्या आवकेची. वार्ताहर विचारतो, भाव काय निघाला? अभ्यासक त्याच्या पुढचं विचारतो. बातमीत अधिकाऱ्याचं नाव-हुद्दा असतो, शेतकरी मात्र 'शेतकऱ्यांमध्ये संताप' या सामूहिक शब्दांत का विरघळतो? पानाच्या खालच्या अर्ध्या भागात वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' किती, आणि त्या जाहिराती आणणारा माणूस आणि वरची बातमी लिहिणारा माणूस एकच आहे का? ग्रामीण भागातला वार्ताहर बहुधा पगारावर नसतो, तो जाहिरातीच्या कमिशनवर जगतो. हे तालुक्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण ठाऊक असणं आणि ते पुराव्यानिशी मांडणं यात अंतर आहे. हिंदी पट्ट्यातल्या जिल्हा-आवृत्त्यांबद्दल हे काम सेवंती निनान यांनी २००७ साली 'हेडलाइन्स फ्रॉम द हार्टलँड' या पुस्तकात केलं. भारतीय भाषांतल्या दैनिकांच्या वाढीचा पट त्याआधी, २००० साली, रॉबिन जेफ्री या अभ्यासकाने मांडला. तो ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात शिकवत होता, आणि आपल्या तालुक्यांत वाचली जाणारी वर्तमानपत्रं त्याला आपल्याआधी अभ्यासाचा विषय वाटली.

जिल्ह्याच्या सामग्रीवर विद्वत्तेची आख्खी कारकीर्द उभी राहू शकते का, या प्रश्नाचं उत्तर याच जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. कारंजा लाड हे गाव बहुतेकांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून ठाऊक. तिथल्या जैन मंदिरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली हस्तलिखितांची भांडारं आहेत. बलात्कार गण, सेन गण, काष्ठा संघ अशा वेगवेगळ्या भट्टारक (मठप्रमुख) परंपरांनी ती सांभाळली. अपभ्रंश ही प्राकृत आणि आजच्या भाषांमधली कडी. या भाषेत सलग, मोठं वाङ्मय आहे याचा विद्वानांना विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फारसा पत्ता नव्हता. १९१८ साली जर्मन पंडित हर्मान याकोबी यांनी 'भविसत्तकहा' छापली, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. ते सताड उघडलं कारंजाने. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हीरालाल जैन या भांडारांपाशी पोचले, पोथ्या लावल्या, पाठ तपासले, आणि १९३० च्या दशकात 'कारंजा जैन सीरिज' या नावाने एकामागून एक संपादित ग्रंथ निघाले. पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' १९३१ साली प. ल. वैद्यांनी संपादित केलं. 'णायकुमारचरिउ', 'करकंडचरिउ' ही हीरालालांची कामं. पुढे त्यांनी 'षट्खंडागम' या जैन आगमग्रंथाच्या सोळा खंडांचं प्रचंड काम अमरावतीतूनच सुरू केलं आणि वैशालीच्या प्राकृत संशोधन संस्थेचे ते संचालक झाले. कॉलेजातला एक अध्यापक, हाकेच्या अंतरावरचा तालुका आणि कुलुपातल्या पोथ्या, एवढ्या भांडवलावर भारतीय भाषांच्या इतिहासाचं एक पान नव्याने लिहिलं गेलं. तेव्हा कोणी या कामाला संज्ञापनाचा अभ्यास म्हणत नव्हतं. पण पोथी कोणी लिहवून घेतली, कोणासाठी, ती कोणाच्या हाती फिरली आणि कोणापासून लपवली, हे आजच्या माध्यम-इतिहासाचे पहिले प्रश्न आहेत. आणि एक गंमत म्हणून सांगायचं तर संस्कृत कवी राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं, ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत, म्हणजे आजच्या वाशिममध्ये. सर्वसेन वाकाटकाची ती राजधानी. साहित्याचं सासर-माहेर दोन्ही इथलं असताना अभ्यासकच परगावचा असावा, हे जरा ओशाळवाणं आहे.

जुन्या पोथ्या सोडून आजचं काही बघायचं तर मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला जावं लागतं. सेवालाल महाराजांचं हे स्थान, देशभरच्या बंजारा समाजाचं श्रद्धाकेंद्र. रामनवमीच्या यात्रेला तेलंगणा-कर्नाटकापासून तांडे लोटतात. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते इथे बंजारा वारशाच्या चार मजली संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नगाऱ्याचं नाव, तेरा दालनं. राजकीय पुढारी उद्घाटनाचं भाषण मोजतात, भाविक गर्दी मोजतो. संस्कृती-अभ्यासकाचं काम फलकापाशी सुरू होतं. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलुखभर फिरणारा व्यापारी समाज म्हणून इथे बंजारा दिसतो. मग ब्रिटिश राजवटीत गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा जो ससेमिरा अनेक भटक्या समाजांच्या पाठी लागला, त्याला किती जागा मिळते? आणि ऊसतोडीला, वीटभट्टीला मुंबई-पुण्याकडे जाणारा आजचा तांडा कुठल्या दालनात बसतो? फलकाचा मजकूर मराठी-हिंदीत असेल, तर बंजारांच्या गोरमाटी बोलीला संग्रहालयात आवाज कुठे आहे? या बोलीचा प्रश्न तर अभ्यासकाला आयुष्यभर पुरेल. जॉर्ज ग्रियर्सनने १९०७ च्या सुमारास आपल्या भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात तिची 'बंजारी किंवा लभाणी' म्हणून नोंद केली. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी ही मातृभाषा सांगणारे देशात ३२ लाखांहून अधिक लोक आहेत, पण तक्त्यात ते हिंदी या मुख्य शीर्षकाखाली मोजले जातात. आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही. तांड्यात मात्र होळीला लेंगी म्हणतात, तिजेला गाणी होतात, लग्नात मुलगी ढावलो गाऊन रडते. हीच गाणी आता डीजेच्या ठेक्यावर यूट्यूबवर चढतात. ज्या गीतात बाया एकमेकींना शब्द देत ओळ वाढवत, ते गीत पाच मिनिटांच्या व्हिडिओत बंद झाल्यावर त्यातलं काय उरतं आणि नवं काय येतं? बाई गाणारी असते की फक्त नाचणारी होते? ढाडी, म्हणजे वंशावळ गाणारा, त्याचं काम फेसबुक पेजने घेतलं का? हे प्रश्न पुस्तकातून सुचत नाहीत. तांड्याच्या नायक-कारभाऱ्याच्या ओट्यावर बसलेल्यालाच सुचतात.

आता आणखी एक धागा, शेती आणि संदेश. याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला होता, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राभोवतालच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत 'रेडिओ शेती मंच' चालवले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, गावातले वीसेक लोक एकत्र बसून ऐकणार, लगेच चर्चा करणार, आणि शंका केंद्राला कळवणार. त्याचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आलेल्या पॉल न्यूराथ यांनी केलं. हे न्यूराथ लाझार्सफेल्डच्याच वर्तुळातले. पुढे व्हिएन्नात त्यांनी लाझार्सफेल्डच्या नावाचं अभिलेखागार उभारलं. म्हणजे एरी काउंटीतली शिस्त पंधरा-सोळा वर्षांत आपल्या खेड्यांत पोचली होती. न्यूराथ यांनी मंच असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओही नसलेली गावं अशी तुलना केली. मंचाच्या गावांत शेतीविषयीची माहिती ठळकपणे वाढली, नुसत्या रेडिओने तेवढं झालं नाही. फरक यंत्राने केला नव्हता, चर्चेने केला होता. या निष्कर्षावरच १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली, आणि नंतर चर्चा जमवणारा माणूस मागे पडून नुसता संच उरला, तशी ती हळूहळू विझली. आज वाशिममध्ये गावोगावी सोयाबीनचे, तुरीचे, हवामान अंदाजाचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. कोण कुठला अंदाज पुढे ढकलतो, कृषी विभागाचा संदेश कोणी उघडतो, कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराचा शब्द त्यावर मात करतो का, आणि या ग्रुपमध्ये बायका किती? करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राला, तालुका कृषी अधिकाऱ्याला याचं उत्तर उद्या सकाळी कामाला येईल. न्यूराथची रीत मोडीत निघालेली नाही. फक्त ती या जिल्ह्यात लावणारा माणूस हवा.

इथवर वाचणारा पालक एक प्रश्न दाबून बसलेला असतो, आणि तो रास्त आहे. नोकरी कुठे आहे? तिथे गोड बोलण्यात अर्थ नाही. विद्यापीठ किंवा महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवीसोबत नेट किंवा सेट लागते. जुलै २०२३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी. या पदासाठी ऐच्छिक केली आहे. नेटमध्ये 'मास कम्युनिकेशन अँड जर्नलिझम' हा विषय आहे. तीन तासांत दोन पेपर, तीनशे गुण. वरच्या श्रेणीत आलेल्यांना कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळते, जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये, पुढच्या टप्प्यात ४२ हजार. पूर्ण वेळ, कायम जागा मिळाली तर मूळ वेतन ५७ हजार ७०० पासून सुरू होतं. अडचण त्या 'तर'पाशी आहे. पत्रकारिता-माध्यमांचे अभ्यासक्रम पुष्कळ ठिकाणी विनाअनुदानित, अनुदानित जागा थोड्या, आणि मधली वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. सीएचबीवर शिकवणारा माणूस परीक्षेच्या आणि सुटीच्या महिन्यांत बिनपगारी असतो. अनुदानित जागेचा 'दर' काय, याची चर्चा विदर्भातल्या कुठल्याही टपरीवर चहासोबत फुकट मिळते. ही वस्तुस्थिती लपवून कोणाला या वाटेवर ढकलणं पाप आहे. पण तुलना कशाशी करायची, हेही बघावं. वाशिम, कारंजा, मंगरुळपीरच्या अभ्यासिकांत राज्यसेवेची तयारी करणारी शेकडो मुलं वर्षानुवर्षं बसतात, आणि त्यांना कोणी 'नोकरी कुठे आहे' असं दरडावत नाही. राज्यसेवेत अपयश आलं तर हातात वयाची वर्षं गेल्याचा हिशेब राहतो. संशोधनाची शिस्त अंगी आलेल्याला सर्वेक्षण करता येतं, मुलाखत घेता येते, माहिती वाचून अहवाल लिहिता येतो. त्याचे गिऱ्हाईक फक्त महाविद्यालयं नाहीत. संग्रहालयांना दालनं मांडणारे लागतात, शासनाच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या प्रकल्पांना संदेश पोचला का हे तपासणारे लागतात, वृत्तसंस्थांना खोट्या बातम्या पडताळणारे लागतात. फेलोशिपचंही एक दार आहे: ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी. मानोऱ्याच्या तांड्यातल्या मुलाला यातलं एक दार थेट उघडतं. म्हणून सल्ला एवढाच की घरची शेती विकून या वाटेला लागू नये, आणि वाट बंद आहे असं समजून तिच्याकडे पाठही फिरवू नये.

शिकायचं कुठे, याचं भौगोलिक उत्तर वाटतं तितकं दूरचं नाही. वाशिमची महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. भारतीय जनसंचार संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र २०११ पासून अमरावतीत आहे. वर्ध्याला हिंदी विद्यापीठ आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात तर १९५२ पासून पत्रकारिता शिकवली जाते, आणि तिथे त्या काळी सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वूल्सली फुलब्राइटवर येऊन शिकवून गेले. संस्कृती-अभ्यासाचा कल असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यास विभाग आहे, पत्रकारितेचा असेल तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेल्यापासून नागपूर हे अंतरापेक्षा खर्चाचं कोडं उरलं आहे. आणि शोधगंगेवर देशभरातले लक्षावधी प्रबंध मोबाइलवर फुकट वाचता येतात, ही सोय हीरालाल जैनांना नव्हती.

दुसरी हरकत भाषेची. नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो, सिद्धान्त इंग्रजीत, नियतकालिकं इंग्रजीत. तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलाने काय करायचं? इंग्रजी वाचता आली पाहिजे, त्याला पर्याय नाही; तिथे स्वाभिमानाचं राजकारण करून मुलांचं नुकसान होतं. पण ही हरकत अर्धीच खरी आहे. संशोधनात सर्वांत अवघड असते ती सामग्री, आणि इथली सामग्री गोरमाटीत आहे, वऱ्हाडीत आहे, मराठी दैनिकांत आहे, जुन्या मोडीत आहे. इंग्रजी येणारा आणि लेंगीतली शिवी कळणारा माणूस मिळवायचा झाला, तर दिल्लीच्या मुलाला गोरमाटी शिकवण्यापेक्षा मानोऱ्याच्या मुलीला इंग्रजी शिकवणं स्वस्त पडतं. ओवीच्या बाबतीत हे सिद्ध झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संख्या लाखावर गेली, आज त्या ग्रामीण भारताविषयीच्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. काम उभं राहिलं ते गावातल्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. इंग्रजी भाषांतर मागाहून आलं. वाशिममधलं काम याच क्रमाने होऊ शकतं.

तिसरी हरकत विद्वानांची आहे आणि म्हणून जास्त कठीण. आपल्याच समाजाचा अभ्यास करणारा तटस्थ कसा राहील? बंजारा संशोधक पोहरादेवीबद्दल कटू काही लिहील का? ही शंका फेटाळता येत नाही, पण ती एकाच बाजूला का लावायची? रेमंड विल्यम्स वेल्सच्या सीमेवरच्या एका खेड्यातला, रेल्वेच्या सिग्नलमनचा मुलगा. रिचर्ड हॉगर्ट लीड्सच्या कामगार वस्तीतला. याच दोघांनी १९५० च्या दशकात संस्कृती-अभ्यासाचा पाया घातला, आणि हॉगर्टने १९६४ साली बर्मिंगहॅमला त्याचं पहिलं केंद्र काढलं. त्यांनी आपलीच वस्ती, आपलेच लोक, त्यांचे पेपर आणि गाणी अभ्यासली. त्यांचं घराणं कोणी त्यांच्या आड आणलं नाही. मराठीत गंगाधर पानतावणे यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रकारितेवर अभ्यासग्रंथ लिहिला. १९२० च्या 'मूकनायक'पासूनचा तो पट आंबेडकरी चळवळीतल्या माणसाने उलगडला म्हणून उणा ठरला नाही. तटस्थता रक्तात नसते, ती पद्धतीत असते: पुरावा दाखवणं, विरुद्ध पुरावा न झाकणं, आपण कुठून बोलतो ते सांगणं. एवढं मात्र खरं, की जिल्ह्यातल्या अभ्यासकाला जिल्ह्यात राहायचं असतं. पुढाऱ्याच्या पेपरबद्दल किंवा संस्थानाच्या संग्रहालयाबद्दल लिहून झाल्यावर त्याच बाजारात भाजी घ्यायची असते. पुण्याच्या संशोधकाला ही भीती नसते. यावर उत्तर एकच, प्रबंधामागे विद्यापीठाने आणि मार्गदर्शकाने उभं राहणं, आणि तिथे आपली विद्यापीठं बहुतेक वेळा कच खातात.

उरतो तो उपयोगाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर महाराष्ट्राने रक्ताने लिहिलेलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲप अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. सर्वसाधारण समज असा, की लोक अडाणी आहेत, त्यांना डिजिटल साक्षर करा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी २०१९ साली भारतातल्या व्हॉट्सॲप हिंसेवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा रोख वेगळा निघाला. खोटा संदेश पुढे ढकलणारे सगळे अडाणी नव्हते; परक्याबद्दल, खालच्याबद्दल आधीच मनात असलेला आकस त्या संदेशाला वाट करून देत होता. निदान बदललं की औषध बदलतं. भटक्या-विमुक्तांची मोठी वस्ती असलेल्या वाशिमसारख्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाने कशावर भर द्यावा, जनजागृतीच्या फलकांवर की गावातल्या जाणत्या माणसांवर, हे ठरवायला असा अभ्यास लागतो. शेतकरी आत्महत्यांचंही तसंच. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, तिथल्या सहा जिल्ह्यांसाठी ३ हजार ७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात वाशिम होता. कॅमेऱ्यांची रांग लागली आणि गेली. त्या बातम्यांनी वाशिमच्या शेतकऱ्याला देशासमोर कोणत्या रूपात उभं केलं आणि त्या रूपाने त्याला मिळालं काय, हे मोजणं पत्रकाराचं काम नाही. ते अभ्यासकाचंच आहे.

सुरुवात करायला मोठी यंत्रणा लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प आला आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तो इंटरनेटवरून उतरवलेल्या चार पानांत उरकला जातो. त्याऐवजी एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी किंवा समाजशास्त्र विभागाने दहा विद्यार्थी घ्यावेत, एका दैनिकाची वाशिम पानं महिनाभर जमवावीत, फूटपट्टी घ्यावी आणि कॉलम सेंटिमीटर मोजावेत. बातमी किती, जाहिरात किती, छापलेल्या फोटोंत बायका किती, गावाचं नाव असलेल्या बातम्या किती आणि 'विशेष प्रतिनिधी'च्या किती. वाशिम शहराला किती जागा आणि मानोऱ्याला किती. रद्दीवाला जुने अंक किलोवर देतो.